‘धरसोड’ की ‘जीवदान’? पकडून सोडलेल्या माशासाठी शब्द

प्रश्न : सॅमन माशाच्या गळस्पर्धांवरील एका लेखाचे मराठी रूपांतर करताना मी ‘कॅच अँड रिलीज’ या संज्ञेशी अडलो आहे. गळाला लागलेला मासा मोजून, छायाचित्र काढून पुन्हा नदीत सोडायचा, असा हा प्रकार आहे. ‘धरसोड’ शब्दशः जुळतो. पर्वरीच्या एका स्नेह्यांनी ‘जीवदान’ सुचवले आहे. सॅमनला ‘रावस’ म्हटलेले चालेल का?

उत्तर : शेवटचे आधी घेतो. बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणत असले, तरी तो वेगळ्या कुळातला, किनाऱ्यालगत आणि खाड्यांत वावरणारा मासा आहे. अंडी घालण्यासाठी समुद्रातून जन्मनदीत परतणारा अटलांटिक सॅमन गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणे जवळपास थांबवतो आणि साठवलेल्या चरबीवर वर चढतो. गळाशी झुंजताना खर्ची पडते ती हीच शिल्लक. म्हणून ‘सॅमन’च ठेवावे.

‘धरसोड’ घडणीला चोख आहे, पण त्याचा रूढ अर्थ निश्चयाचा अभाव असा आहे, आणि स्पर्धकाचा सोडण्याचा निश्चय तर गळ पाण्यात पडण्यापूर्वीच झालेला असतो. (खेळाच्या टीकाकारांना हा शब्द फार आवडेल, ते सोडा.) स्वित्झर्लंडच्या कायद्याने आक्षेप घेतला आहे तो नेमका या निश्चयावरच : सोडण्याच्या हेतूनेच मासे धरायला जाणे तेथे 2009 पासून निषिद्ध आहे, कारण खायचा नसलेला मासा केवळ करमणुकीसाठी गळाला लावण्याचे समर्थन होत नाही, अशी त्यामागची भूमिका आहे.

‘जीवदाना’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. जीवदान देणारा संकटातून सोडवतो. येथे संकट आणणारा आणि दाता एकच. झेल सुटला की फलंदाजाला जीवदान मिळाले असे आपण म्हणतो, पण क्षेत्ररक्षक त्याबद्दल पुण्य मागत नाही. शिवाय स्कॉटलंडमध्ये 2016 पासून, साठा खालावलेल्या नद्यांतील सॅमन सोडणे कायद्यानेच बंधनकारक आहे. सक्तीने दिलेल्याला दान कसे म्हणावे? आणि सोडलेला मासा जगेलच असेही नाही. पाणी तापलेले असेल, मासा फार दमवला असेल किंवा छायाचित्रासाठी बराच वेळ हवेत धरला असेल, तर तो दृष्टीआड गेल्यावर मरू शकतो. उलटा दात नसलेला गळ वापरला आणि मासा पाण्यातच ठेवून सोडवला, तर धोका कमी होतो, संपत नाही. ‘पकडून सोडणे’ एवढे साधे क्रियापद पुरे. त्यात दोन्ही कृतींचा कर्ता लपत नाही.

पुरवणी : मी गोव्यातल्या जुवारी नदीच्या काठी गरी (गळ) घेऊन बसणारा आहे. आम्ही चोणक मासा गरवतो तो घरच्या हुमणासाठी (कालवणासाठी), तरी मोठा मासा ओढ घेऊ लागला की ‘खेळवतो’ असेच म्हणतो. हा शब्द लेखात येणार असेल, तर त्याचे प्रयोजक रूप ध्यानात घ्यावे : खेळणारा काठावर असतो, मासा सुटण्यासाठी धडपडत असतो. त्याऐवजी ‘दमवणे’ अधिक प्रामाणिक वाटते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘पकडून सोडणे’ आणि ‘दमवणे’ घेतो. ‘जीवदान’ फक्त आयोजकांच्या तोंडी, अवतरणचिन्हांत ठेवीन.