गडद निळा, चकचकीत ऑइल पेंट: घरात कुठे लावलात, कसा टिकला?

हल्ली सगळ्या घरांत फिकट, मॅट भिंती दिसतात. तरी दुकानातल्या शेडकार्डावर ऑक्सफर्ड ब्लू, नेव्ही ब्लू अजून आहेतच आणि मला ते मनापासून आवडतात. ज्यांनी हा रंग दारांना, कपाटांना किंवा भिंतीला लावलाय त्यांनी लिहा. नुसतं ‘छान दिसतो’ नको. खाली काय केलं, ऊन-पावसात काय झालं, तेही सांगा. माझं मत आधीच सांगते: लाकूड आणि लोखंड ही त्याची हक्काची जागा. भिंतीला लावायचा तर ती कोरडी ठणठणीत हवी.

गिरगाव
आमच्या चाळीतल्या खोलीत स्वयंपाकाच्या बाजूला छातीइतका उंच निळा पट्टा आहे, वर चुना. फोडणीचे शिंतोडे, मुलांचे तेलकट हात, सगळं साबणाच्या पाण्याने निघतं. मागच्या रंगकामात सगळे टाइल्स लावा म्हणत होते, पण आईने निळाच ठेवायला लावला. रंगाऱ्याने दोरीला नीळ फासून, दोन टोकं ताणून एका झटक्यात भिंतीवर रेघ उमटवली. इतकी सरळ रेघ मी मोजपट्टीने मारलेली पाहिली नाही.

नाशिक, रंगकाम हाच माझा धंदा
गडद आणि चकाकता रंग काहीही लपवत नाही. पांढऱ्या मॅटखाली खपून जाणारा खड्डा यात लांबूनही दिसतो. म्हणून प्रायमर, लांबी (खड्डे भरायची पुट्टी), घासणं, पुन्हा बारीक लांबी, पुन्हा घासणं. मग खोलीत अंधार करून बल्ब पृष्ठभागाला अगदी चिकटवून आडवा धरायचा. सावली पडली की तिथे अजून काम आहे. घाईच्या गिऱ्हाइकाला मी सरळ सांगतो, मॅट घ्या.

दुसरं असं, की गडद निळ्याची रंगद्रव्यं बरीचशी पारदर्शक असतात आणि त्यात झाकणारा पांढरा जवळजवळ नसतो. पांढऱ्या प्रायमरवर थेट लावला तर ब्रशचे पट्टे दिसत राहतात. खालचा हात (म्हणजे थर) राखाडी घ्या, म्हणजे वरचे दोन हात एकसारखे बसतात. थर पातळच ठेवा. जाड लावला की वरची साय आधी सुकते, आतला रंग ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या. आणि भर पावसाळ्यात संध्याकाळी शेवटचा हात कधीच मारू नका. रंग सुकायच्या आत दमट हवा बसली की चमक धुरकटते. मग ती पुसून येत नाही, पुन्हा घासूनच लावावं लागतं.

रत्नागिरी
घर चिऱ्याचं, गिलावा चुन्याचा. ओटीच्या भिंतीला खालून हातभर निळा ऑइल पेंट दिला होता. पहिल्याच पावसाळ्यात फुगे आले, गणपतीपर्यंत पापुद्रे सुटले. चिरा जमिनीतली ओल वर ओढतो आणि ऑइल पेंट ती बाहेर पडू देत नाही. वर चुन्याचा क्षार तेलाला खातो. आता भिंतीला चुनाच आहे. निळा रंग मात्र दारांवर, खिडक्यांच्या गजांवर आणि माडीच्या कठड्यावर आहे, आणि पांढऱ्या चुन्याशेजारी तो जितका खुलतो तितका दुसरीकडे कुठेच नाही.

पुणे
फ्लॅटमधल्या अभ्यासाच्या खोलीची एकच भिंत. दिवसा शाईसारखी गहिरी, पण रात्री पिवळ्या बल्बखाली जवळजवळ काळी. शिवाय समोरच्या दिव्याचं लख्ख प्रतिबिंब डोळ्यांत यायचं. दिवा बाजूच्या भिंतीवर घेतला, बल्ब कमी पिवळा आणला. आता बरोबर वाटते.

नागपूर
लोखंडी कपाट. गंज पूर्ण खरवडून रेड ऑक्साइड (लोखंडाचा गंजरोधक प्रायमर), मग नेव्ही ब्लू. बाकी काही नाही, उत्तम चाललंय.

लंडन
इथल्या जुन्या घरांत दारं, कठडे, भिंतीच्या पायाशी असलेली लाकडी पट्टी यांना ग्लॉस, म्हणजे चकचकीत रंग, देण्याची रीतच आहे. थंडीत खिडक्या उघड्या ठेवता येत नाहीत, म्हणून आम्ही पाण्यात मिसळणारा ग्लॉस घेतला. वास कमी, शिवाय तेलाचा रंग उजेड न मिळाल्यास पिवळट पडतो, तो त्रासही नाही. चकाकी मात्र ऑइल पेंटच्या अर्ध्या पायरीने खालीच. जिन्याच्या कठड्यासाठी पुढच्या उन्हाळ्यात तेलाचाच आणणार.

कोल्हापूर
जुन्या दारांवर नवा निळा देणाऱ्यांनी हे वाचाच. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नको, हा नियम आपल्याकडे 2016 मध्ये आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. माझ्या सुनेला तेव्हा दिवस होते, म्हणून मी कोरडं घासूच दिलं नाही. पाणी मारून वॉटर पेपरने घासायला लावलं, रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली आणि काम होईपर्यंत तिला माहेरी पाठवलं. रंगाऱ्यालाही मास्क लावायला सांगा, त्याच्या घरीही लहान मुलं असतात.