आषाढातली बुडी, साठ मीटरवरची मारामारी आणि खलनायक नाखवा

खाजणवाट
परवा 'रातराणी' यांनी त्या पाणबुड्याच्या रहस्यकथेबद्दल लिहिलं: "अस्सल कोकण, जबरदस्त अभ्यास, एका बैठकीत संपवली." एका बैठकीत मीही संपवली, पण दात-ओठ खात. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: निवतीच्या खडकांजवळ मालवाहू जहाज बुडतं, विम्याचे कोट्यवधी रुपये अडकतात, आणि नौदलातून निवृत्त झालेला नायक आषाढात मध्यरात्री एकटा खडकावरून उडी मारून ६० मीटरवर दोन तास तपास करतो. 'ऑक्सिजनच्या टाकी'वर!

मी मालवणात पर्यटकांना बुड्या मारायला नेतो, त्यावरच पोट आहे. टाकीत ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजनवर ६ मीटरच्या खाली गेलं की झटके येण्याचा धोका. ६० वर हा गडी दुसऱ्या पानावरच गेला असता. बरं, हवा धरा. १२ लिटरची टाकी, २०० बार दाब, म्हणजे २४०० लिटर. वर माणसाला मिनिटाला वीसेक लिटर लागते. ६० मीटरवर दाब सातपट, म्हणून १४० लिटर. करा भागाकार. १७ मिनिटं, तीही निवांत बसून. हा त्यात चाकूने मारामारीही करतो. खोल पाण्यात हवेतल्या नायट्रोजनने चढणारी झिंग नाही, रक्तात बुडबुडे होऊ नयेत म्हणून वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणं नाही. थेट वर आणि थेट सोलकढी.

आणि जुलैत? मासेमारी बंद, आमचा धंदा बंद, पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. याला मात्र जहाजाचं नाव वाचता येतं आणि रक्त 'लालभडक' दिसतं. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो. तिथे रक्त काळपट हिरवं दिसतं.

रातराणी
पान उघडून बघा, त्याच्या हातात बॅटरी आहे. बॅटरीच्या उजेडात लाल रंग लालच दिसतो ना? की मालवणात वेगळा दिसतो?

आणि मुळात ही रहस्यकथा आहे. पाठ्यपुस्तक नव्हे. रातराणीच्या गाडीत खिडकीशी बसून वाचायची आणि स्टँडवर उतरल्यावर विसरायची. लहानपणी आम्ही भाड्याच्या लायब्ररीतून आणून अशा ढिगाने वाचल्या. नायक छातीत गोळी घेऊन तीन मजले चढायचा, तेव्हा कुणी डॉक्टर पत्र लिहीत नव्हता.

खाजणवाट
बरं, बॅटरी होती. रक्त लाल. एक गुण दिला, शंभरपैकी.

डॉक्टर पत्र लिहीत नव्हता, कारण पुस्तक वाचून कुणी छातीत गोळी घ्यायला जात नव्हतं. माझ्याकडे मात्र असली पुस्तकं आणि रील बघून लोक येतात. गेल्या मोसमात एक गृहस्थ बायकोसमोर मला म्हणाले, "श्वास रोखून झपकन वर येऊ का?" दाबाची हवा फुप्फुसात कोंडून वर आलं तर फुप्फुस फाटतं, दादा.

सुरमई-परवडत-नाही
स्कूबाचा विषय निघालाच आहे तर बोलते. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. आणि आज तिथे काय चालतं? पाव टाकून मासे जमवायचे, गिऱ्हाईक प्रवाळावर उभं करायचं, फोटो काढायचा, पुढचा. खाजणवाट, तुम्ही करत नसाल, पण शेजारच्या होडीवाल्याला कधी हटकलंय?

असो, माझा राग वेगळा आहे. या पुस्तकात मालवणच्या मच्छिमारांचा म्होरक्या 'नाखवा' आहे, लाल टोपी घालतो, आगरीत बोलतो आणि स्मगलर आहे. अरे, आमचे मच्छिमार गाबीत समाजाचे! रायगड-मुंबईचा कोळी उचलून सिंधुदुर्गात आणून ठेवला, वर त्याच्या होडीत चरस. किनाऱ्यावरचा माणूस म्हणजे चोरटा माल, हे कधी सुटणार तुमच्या डोक्यातून?

रातराणी
तुमच्या भावना समजू शकतो, पण लेखकाने हे हवेतून आणलेलं नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठी शेखाडीला आरडीएक्स उतरलं ते कोकणातच ना?

सुरमई-परवडत-नाही
वाटच बघत होते. उतरलं, बरोबर. रस्त्याने मुंबईला गेलं ते कुणाच्या डोळ्यांदेखत? त्या खटल्यात कस्टमचे अधिकारी आणि पोलीस दोषी ठरले. त्यांच्यावर किती कादंबऱ्या लिहिल्यात? आणि २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे ते दहा जण 'कुबेर' वरून आले. गुजरातचा ट्रॉलर, त्याच्या तांडेलाचा, म्हणजे कप्तानाचा, त्यांनी गळा चिरला. त्यानंतर ओळखपत्रं आम्ही बाळगायची, तपासणी आमची. माझ्या वडिलांना रात्री भर समुद्रात अडवून जाळी उपसायला लावली होती. जाळ्यात काय होतं? बांगडे. माल तपासणाऱ्यांनी त्यातले टोपलीभर नेले, ते वेगळंच.

रातराणी
वडिलांना झाला तो त्रास वाईटच. पण एका कथेतला एक खलनायक म्हणजे अख्खा समाज नव्हे. उद्या पुण्याचा खलनायक दाखवला तर मी मोर्चा काढू?

सुरमई-परवडत-नाही
पुण्याचा खलनायक असला की त्याला नाव, आडनाव, बालपणीचं दुःख, सगळं मिळतं. आमचा नुसता 'नाखवा'. तुमका काय जाता बोलूक!

रेवसकर
नाखवा आमच्याकडचा, तेव्हा बदनामी आमच्या वाट्याची धरा.

आषाढावरून मात्र सांगतो, समुद्राला खलनायक लागत नाही. 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेवर माणसं गेली. आमच्या आजीचा थोरला भाऊ त्यात होता. सणाला घरी येत होता. आजी सांगायची, कोळ्यांच्या होड्यांनी माणसं ओढून काढली. यावर लिहायचं सोडून चरस कसला शोधता?

मुदतबाह्य
पस्तीस वर्षं सागरी विम्यात घालवली, म्हणून तोंड उघडतो. सगळे टाकीवर भांडताय, पण कथेतला खरा घोटाळा कुणी पाहिलाच नाही. विम्यासाठी जहाज बुडवणारा ते खडकाजवळ, पाणबुडा पोचेल अशा जागी बुडवेल कशाला? तो खोल पाणी शोधतो, पुन्हा कुणाचं बोट लागू नये म्हणून. 'सालेम' टँकर १९८० मध्ये सेनेगलच्या बाहेर खोल समुद्रात बुडालं. तेल त्याआधीच डर्बनला उतरवून विकलेलं, टाक्यांत खारं पाणी. संशय आला तो तळाशी जाऊन नाही. वाचवलेले खलाशी बॅगा भरून, व्यवस्थित तयार होऊन होडीत बसलेले होते! माझ्या कामातही हेच पाहिलं. आधी तपासायचे ते इंजिनखोलीतले पाणी घेणारे व्हॉल्व्ह, इंधनाच्या नोंदी, कर्जाचे हप्ते, खलाशांचे जबाब. पाणबुडा शेवटी, तोही परवडला तर.

रातराणी
म्हणजे तुमचा नायक फायली चाळणार. वा! चाळीस प्रकरणं हप्त्यांची तपासणी.

मुदतबाह्य
आमच्या खात्यात तेवढ्यावर लोकांची झोप उडायची.

बंधारा
जहाज हवं होतं ना? आमच्या मिऱ्यावर यायचं. जून २०२० च्या निसर्ग वादळात 'बसरा स्टार' रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागलं. खलाशी सुखरूप उतरले, जहाज राहिलं. पावसाळ्यामागून पावसाळे तिथेच, दर उधाणाला बंधाऱ्यावर आपटायचं. पर्यटक सेल्फी काढायचे, आम्ही रात्रभर पत्र्यांचा आवाज ऐकायचो. एका कार्यालयात गेलं की दुसऱ्याकडे बोट. ६० मीटर नको, टाकी नको, चप्पल घालून तपास करता आला असता. कुठला लेखक आला नाही.

खाजणवाट
मुदतबाह्य साहेब, हे आधी सांगितलं असतंत तर मी टाकीचं गणित मांडायचे कष्ट घेतले नसते. सुरमईताई, होडीवाल्याला हटकलंय. दोनदा भांडण झालं, एकदा माझी दोरी कापली. पुढे काय करू ते सांगा.

सुरमई-परवडत-नाही
एकट्याने हटकून होत नाही. सगळे मिळून पाव बंद करा. गिऱ्हाईक तुटेल म्हणून करणार नाही, ठाऊक आहे मला.

रातराणी
एवढं सगळं येतंय ना तुम्हाला? मग लिहा तुम्हीच एक. ऑक्सिजन नाही, आषाढ नाही, नाखवा नाही, उथळ पाणी नाही. बघू काय उरतं ते.

खाजणवाट
लिहीनच. पहिल्या प्रकरणात नायक समुद्र निवळेपर्यंत थांबतो.

रातराणी
आणि वाचक?