तीन एकर द्राक्ष, बजेट पाच लाख: छोटा ट्रॅक्टर कोणता घ्यावा?

बागवान_दिंडोरी (२८ सप्टेंबर २०२५, रात्री ९.१२)
राम राम मंडळी. तीन एकर द्राक्ष आहे, वायवर (इंग्रजी Y सारख्या मांडवावर). दोन ओळींतलं अंतर ९ फूट, झाडांतलं ५. शिवाय एकरभर टोमॅटो नाहीतर कांदा. आजवर औषध फवारायचा ब्लोअर भाड्यानेच, टाकीमागे ४०० रुपये. पैशाचं एवढं दुखत नाही, वेळेचं दुखतं. गेल्या वर्षी छाटणीनंतर बाविसाव्या दिवशी पाऊस झाला. ब्लोअरवाला "उद्या सकाळी येतो" म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला उगवला. तोवर डाऊनी (केवडा रोग) घडात घुसला होता. एका एकरातून निम्मा माल गेला.

आता स्वतःचा घ्यायचं ठरवलंय. चुलतभावाने २०२१ मध्ये जो ट्रॅक्टर ४ लाख ६५ हजारांत आणला, तोच आज मला ऑन रोड ५ लाख ९० सांगतायत. तेही जीएसटी उतरल्यावर! माझं बजेट पाच लाख, फार ओढाताण केली तर सव्वापाच. कर्ज साडेचारच्या वर काढायचं नाही. ब्लोअर वेगळा घेणार. फोर बाय फोर लागतोच का? छाटणी ८ ऑक्टोबरच्या आसपास धरणार आहे, त्याआधी निर्णय हवा.

उगावकर (रात्री ९.४०)
भाऊ, पाच लाखांचा विचार सोडा. माझ्याकडे कुबोटा बी २४४१ आहे. चार वर्षं झाली, २२०० तास चालला. ऑइल-फिल्टर सोडून आजवर पाना लावलेला नाही. तीन सिलेंडर, २४ एचपी, फोर बाय फोर. चार पैसे जास्त जातील पण झोप लागेल.

काळी_भोर (रात्री ९.५८)
छोटा घेऊच नका. ५० एचपी घ्या. नांगरट होते, रोटर होतो, ट्रॉली लावून माल पिंपळगावला नेता येतो. छोट्याचं काय, खेळणं ते. दोन-तीन लाख जास्त गेले तरी लोकांची कामं करून फेडाल.

बागवान_दिंडोरी (रात्री १०.०५)
दादा, ९ फुटांच्या ओळीत ५० एचपी कसा घालू?

काळी_भोर (रात्री १०.११)
जातो की. आमच्या मेव्हण्याचा जातो.

उगावकर (रात्री १०.१४)
जातो, आणि येताना वेलींचे ओलांडे (आडव्या फांद्या) घेऊन बाहेर येतो.

ट्रॅक्टर_मिस्त्री (रात्री ११.३०)
पंचवीस वर्षं पिंपळगाव बसवंतला ट्रॅक्टर खोलतोय. कंपनी कोणती ते सांगणार नाही, कारण सगळ्यांचे खोललेत. घेण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली, टेप घेऊन बागेत जा. ओळीची रुंदी सगळेच मोजतात, वळण कोणी मोजत नाही. ओळीच्या टोकाला ताणाची तार आणि दगड असतो, त्यापुढे बांधापर्यंत किती जागा उरते ते बघा. मागे ब्लोअर जोडलेला असताना तेवढ्यात वळायचं असतं. शोरूमच्या अंगणात सगळेच ट्रॅक्टर गोल फिरतात.

दुसरी, कागदावर इंजिनाचा एचपी छापतात, ब्लोअरला लागतो पीटीओचा, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याचा. तो नेहमी कमी असतो. तोच विचारा.

तिसरी, सायलेन्सर. उभा सायलेन्सर वायच्या खाली शिरला की शेंड्याची पानं होरपळतात, पुढे घडही. कंपनीकडून खाली घेतलेला मिळत असेल तर तोच मागा.

चौथी, जमीन कोणती ते तुम्ही लिहिलंच नाही. फोर बाय फोरचं उत्तर त्यावर आहे. काळी असेल तर लागतोच.

काळी_भोर (२९ सप्टेंबर, सकाळी ६.४८)
काळीच असणार. निफाडला आमची काळी भोर, पाऊस झाला की चार दिवस पाय टाकता येत नाही. टू व्हील ट्रॅक्टर ब्लोअरसकट बुडाला होता, जेसीबीने काढला. फोर बाय फोरच घ्या.

डाळिंबवाला_सटाणा (सकाळी ७.२०)
माझा १५ एचपीचा टू व्हील मिनी आहे, स्वराज ७१७. डाळिंबात मजेत फिरतो. डिझेल नावाला पितो. उगाच फोर बाय फोरचं खूळ डोक्यात घेऊ नका.

उगावकर (सकाळी ७.३५)
डाळिंबाच्या ओळी १४ फुटांच्या असतात राव. तिथे बैलगाडीसुद्धा मजेत फिरते.

डाळिंबवाला_सटाणा (सकाळी ७.५१)
डाळिंबावर तेल्या रोग आला की मजा कळते. द्राक्षवाल्यांना वाटतं संकटं काय ती आपल्यालाच.

(पुढचे सहा प्रतिसाद तेल्या, डाऊनी आणि कोणाचं पीक जास्त नाजूक यावर आहेत. विषयावर या, मंडळी. आणि तक्रार सांगताना कंपनी-डीलरचं नाव घालू नका. – व्यवस्थापक)

गोदाकाठ (दुपारी १.१०)
किमतीचं कोणी बोललंच नाही. २२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जीएसटीसकट सहा लाखांचा ट्रॅक्टर असेल तर मूळ किंमत ५,३५,७१४. त्यावर ५ टक्के लावले की होतात ५,६२,५००. म्हणजे साडेसदतीस हजार उतरायलाच हवेत. टायर-ट्यूब आणि सुट्या भागांवरचाही १८ वरून ५ झाला. जुनं कोटेशन आणि नवं शेजारी ठेवा. मूळ किमतीच्या ओळीत काही वाढवलंय का बघा.

बागवान_दिंडोरी (दुपारी १.४५)
विचारलं. सेल्समन म्हणाला, प्रदूषणाचे नवे नियम आले, ट्रेम की काय, त्यामुळे वाढलं.

गोदाकाठ (दुपारी २.०२)
चक्क थाप. ट्रेम ४ जानेवारी २०२३ पासून लागू झाला तो ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना. तुमच्या २०-२४ एचपीचा त्याच्याशी काय संबंध? त्याच्या पुढचा टप्पा २०२४ वरून एप्रिल २०२६ वर ढकललाय, त्याचंच भय दाखवून "आत्ताच घ्या, पुढे महागणार" म्हणतात. २०२१ नंतर लोखंड महागलं, टायर महागले, कंपन्या दरवर्षी थोडं थोडं वाढवत गेल्या. एवढं साधं सांगायला काय जातं?

आणखी एक. ऑन रोडच्या कागदावर विमा आणि आरटीओच्या खाली बघा. हूड, बंपर, ड्रॉबार, "हँडलिंग" असलं काहीबाही असतं. माझ्या कागदावरून अशा नावांचे ११ हजार खोडून घेतले होते.

लासलगाव_कांदा (दुपारी २.३०)
रुपयांत मोजूच नका, कांद्यात मोजा. काल माझा कांदा ११०० ने गेला. तुमचा ५ लाख ९० चा ट्रॅक्टर म्हणजे ५३६ क्विंटल कांदा! चाळीत सहा महिने सांभाळून, सडलेला वेगळा काढून. घ्या आता ट्रॅक्टर.

सिन्नरी_वारा (दुपारी ३.१५)
बैलजोडी घ्या.

उगावकर (दुपारी ३.१८)
बैलांच्या किमती ऐकल्यात का हल्ली?

मोहाडीची_सून (रात्री ८.२०)
दादा, अनुदानाचं सांगते. महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या पोर्टलवर) अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पभूधारकांना सव्वा लाखापर्यंत मिळतं, इतरांना एक लाखापर्यंत. वहिनींच्या किंवा आईंच्या नावावर सातबारा असेल तर त्यांच्या नावाने भरा. फार्मर आयडी लागतो. आणि पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्याशिवाय ट्रॅक्टर आणायचा नाही. बिलाची तारीख पत्राच्या आधीची असली की अनुदान गेलं. आमच्या दिरांनी दसऱ्याचा मुहूर्त गाठला, पत्र आलं दिवाळीनंतर.

आता हिशोब. आमच्याकडे गोडी छाटणीपासून (ऑक्टोबरची फळछाटणी) माल निघेपर्यंत पन्नासेक फवारण्या होतात. तुमच्या तीन एकरांना दर फवारणीला तीन टाक्या धरल्या तर १५० टाक्या, ४०० ने ६० हजार रुपये. साडेचार लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतलं, तर सहामाही हप्ता ६० हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार, डिझेल वेगळं. भाड्याच्या दुप्पट. पण तुमचा जो निम्मा एकर गेला, त्याची किंमत यात धरली की गणित पालटतं. ती किती हे तुमचं तुम्हाला माहीत.

गोदाकाठ (रात्री ८.५५)
पहिल्यांदा कोणीतरी कागद-पेन घेऊन बसलं. टाळ्या.

जुनं_ते_सोनं (रात्री ९.३०)
नवा कशाला? जुना बघा. मी ३ लाख १० हजारांत घेतला, पाच वर्षांपूर्वीचा, मीटरवर ९०० तास. चकाचक.

ट्रॅक्टर_मिस्त्री (रात्री ९.४४)
पाच वर्षांत ९०० तास? ब्रेक-क्लचच्या पेडलवरचं रबर बघितलंत का? घासून गुळगुळीत असेल तर मीटर बदललाय. मीटर बदलतात, पेडल बदलायचं कोणाला सुचत नाही.

जुनं_ते_सोनं (रात्री १०.२०)
आत्ता गोठ्यात जाऊन बॅटरी मारून बघितलं. गुळगुळीत आहे. तरीपण चालतोय चांगला. फक्त आरसी बुकावर आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा अजून आहे. एनओसी आणून देतो म्हणाला होता, दीड वर्ष झालं. नाव चढत नाही. विमा त्याच्याच नावाने भरतोय मी.

लासलगाव_कांदा (रात्री १०.२६)
सोनं म्हणे.

काळी_भोर (३० सप्टेंबर, सकाळी ६.३०)
महाडीबीटीवर अर्ज करा, अनुदान मिळतं. आणि फोर बाय फोरच घ्या, काळ्या जमिनीत दुसरं चालत नाही.

मोहाडीची_सून (सकाळी ९.०५)
हे मी काल रात्री लिहिलंय दादा, वर.

सिन्नरी_वारा (सकाळी ११.४०)
महिंद्राचा ओजा कोणी घेतलाय का? ऑगस्ट २०२३ मध्ये आला तेव्हा २१२७ ची किंमत ५ लाख ६४ हजार ५०० लावली होती, पुणे एक्स-शोरूम. म्हणजे तेव्हाच २७ एचपीला पाच लाखांत काही उरलं नव्हतं. फोर बाय फोर पाचात बसवायचा म्हणजे मॉडेल नाही, नशीब शोधायला लागतं.

उगावकर (दुपारी १२.१५)
म्हणून म्हणतो, बजेट वाढवा. मी पण आधी साडेचारच म्हणत होतो.

डाळिंबवाला_सटाणा (दुपारी १२.३३)
तुमच्यासारख्या चार एकरवाल्यांनी बजेट वाढवलं म्हणूनच किमती वाढल्या.

ट्रॅक्टर_मिस्त्री (दुपारी १.५०)
बागवान भाऊ, जमीन कोणती ते अजून सांगितलं नाहीत.

बागवान_दिंडोरी (१९ ऑक्टोबर, रात्री १०.४०)
मंडळी, उशिराबद्दल माफी. छाटणीत अडकलो होतो. सगळे प्रतिसाद वाचले, दोनदा वाचले. घरातही चर्चा झाली. वडील म्हणाले, "जितकी माणसं तितके ट्रॅक्टर."

घेतला. १८ एचपीचा, टू व्हील, नवा. ऑन रोड ४ लाख १२ हजार. "हँडलिंग"चे सहा हजार गोदाकाठ साहेबांमुळे खोडले, त्यांना मानलं. मागे २०० लिटरचा उचलायचा ब्लोअर लावलाय. टाक्या जास्त भराव्या लागतात, भरतो. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर अजून चाळीस प्रतिसाद येतील. खरं कारण सांगू का? त्या कंपनीचा मेकॅनिक माझ्या वर्गातला आहे, सहा किलोमीटरवर राहतो, आणि फोन उचलतो.

मोहाडीच्या ताई, अनुदानाला नाही थांबलो. आईच्या नावाने अर्ज भरला होता. पण पत्राची वाट बघत परत त्या ब्लोअरवाल्याच्या दारात उभं राहायची माझी तयारी नव्हती. तुम्ही रागावणार हे माहीत आहे.

मोहाडीची_सून (रात्री १०.५८)
सव्वा लाख, दादा. सव्वा लाख.

काळी_भोर (रात्री ११.०३)
टू व्हील?? पुढच्या पावसात फोन करा, जेसीबीवाल्याचा नंबर देतो.

बागवान_दिंडोरी (रात्री ११.१०)
जमीन मुरमाड आहे दादा. पाऊस थांबला की तासाभरात चप्पल घालून फिरता येतं. पहिल्या प्रतिसादात लिहायचं राहूनच गेलं, आणि मग तुमचा सगळ्यांचा काळ्या जमिनीवर एवढा रंग चढला की मध्ये बोलवेना.

ट्रॅक्टर_मिस्त्री (रात्री ११.१४)
तीनदा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

उगावकर (२० ऑक्टोबर, सकाळी ६.५५)
१८ एचपीने ब्लोअर ओढेल का पण? चढाला मारेल बघा. माझा २४ चा आहे, त्याला कळतसुद्धा नाही.

बागवान_दिंडोरी (३० ऑक्टोबर, रात्री ८.०५)
ब्लोअर ओढतो, चढ नाहीच आमच्याकडे. परवाच्या पावसानंतर ढग असतानाच पहाटे साडेचारला फवारणी धरली, सातला घरी चहा प्यायला. कोणाची वाट बघितली नाही.

एकच प्रश्न आहे. उजव्या हाताच्या ओळीत, जिथे वेलींची नवी फूट खाली आलीय, तिथे वीतभर पट्ट्यात पानं करपल्यासारखी दिसतायत. आधी वाटलं औषधाचं प्रमाण चुकलं. मग ध्यानात आलं, सायलेन्सर त्याच उंचीला येतोय. उभा आहे. खाली घेऊन कोणी देतं का?

ट्रॅक्टर_मिस्त्री (रात्री ८.३०)
देतात. पिंपळगावला घेऊन या, दीड तासाचं काम आहे. पाइप इंजिनाच्या कडेने खाली घेऊन मागच्या चाकाच्या आतून काढतो. तोवर त्या बाजूच्या फुटी तारेला बांधून घ्या. येताना वॉरंटीचं पुस्तक आणा, आणि तुमच्या वर्गमित्राला आधी विचारून घ्या, नाहीतर उद्या तो म्हणेल मिस्त्रीने हात लावला.

आणि माझ्या पहिल्या प्रतिसादातला तिसरा मुद्दा एकदा वाचा.