भात-मासे न सोडता वजन कसं उतरवावं?

खाडीकाठ: आईचं वय ५५, वजन ७८ किलो. दोन्ही वेळ भात, माशाची आमटी, सोलकढी. भात बंद केला की संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडतो. नेमकं काय बदलावं?

तिरफळ: भात बंद नको, मोजून वाढा. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरी. एका वेळी एक वाटी पुरे. खरा भार खोबऱ्याचा आहे: १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३५० च्या आसपास. आमटी आणि सोलकढी एकाच जेवणात नकोत. बंगड्याचं तिखलं (तिखट-आंबट कालवण) करा, खोबऱ्यावाचून छान होतं. सोलकढीऐवजी कोकमाचं सार, बिनसाखरेचं. मासे तळताना रवा तेल पितो, म्हणून नुसती हळद-मीठ-आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावून तव्यावर एक चमचा तेलात, झाकण ठेवून मंद आचेवर भाजा.

नाचणी_भाकर: फरसाणाची भूक दुपारीच तयार होते, कारण ताटात प्रथिनं कमी पडतात. दुपारी माशाच्या दोन तुकड्या तरी हव्यातच. शाकाहाराच्या दिवशी कुळथाची पिठी किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ. रात्री भाताऐवजी एक नाचणीची भाकरी आणि भरपूर पालेभाजी. नाचणीचं सत्त्व मात्र नको: कोंडा गाळून जातो, वर साखर पडते.

तिरफळ: एक राहिलं. आईंना मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्तदाब असेल तर आगळही जपून, त्यात मीठ फार असतं.