एकट्याने संग्रहालय बघणं कंटाळवाणं नाही, उलटच

काही जण म्हणतात की संग्रहालयात एकट्याने गेलं तर बोलायला कुणी नसतं, कंटाळा येतो. मला हे अजिबात पटत नाही. सोबत कुणी असलं की एका चित्रापुढे जरा रेंगाळलं तरी 'चल ना पुढे' सुरू होतं. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या कलासंग्रहालयात मी एकटी होते म्हणूनच ब्रॉयगल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या दालनात मनसोक्त थांबता आलं. त्याची १२ चित्रं तिथे आहेत, एवढी जगात दुसरीकडे कुठेच एकत्र नाहीत. १५६५ सालचं 'बर्फातले शिकारी' लांबून बघितलं तर दमून परतणारी माणसं आणि माना टाकलेली कुत्री एवढंच दिसतं. शिकार काय, तर एक कोल्हा! जवळ गेलं की डावीकडे एकाच आकड्यावर लोंबणारी खानावळीची पाटी दिसते. आणि पार मागे, दरीत, एका घराच्या धुराड्याला आग लागलीय, लोक ती विझवायला धावतायत. हे सगळं सापडायला वेळच द्यावा लागतो.

'दिवसाला दोनच संग्रहालयं' हा नेहमी मिळणारा सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर. या कलासंग्रहालयाच्या अगदी समोर, चौकाच्या पलीकडे, निसर्गविज्ञान संग्रहालय आहे. १९०८ मध्ये सापडलेली विलेनडॉर्फची व्हीनस ही अश्मयुगातली स्त्रीमूर्ती तिथेच आहे, चुनखडकाची, जेमतेम ११ सेंमी उंच. गुरुवारी जाणार असाल तर सकाळी ते उरका (मंगळवारी ते बंद असतं), कारण कलासंग्रहालय त्या दिवशी रात्री ९ पर्यंत उघडं असतं. मधे कलासंग्रहालयाच्या घुमटाखालच्या कॅफेत निवांत बसा, पायांनाही विश्रांती हवीच.