खर्ऱ्याचा डाग की कीड? एक्स-रे नसताना दाढ कशी ठरवायची

कापूसपट्टा:
यवतमाळ जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत दाततपासणी आहे, आठवी ते दहावी. जवळ आरसा, प्रोब (दात चाचपायची बारीक सळई), हेडलॅम्प, कापूस. कम्प्रेसर नाही, एक्स-रे नाही. दाढांच्या फटी काळ्या दिसतात. काही पोरं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातात, पांढरकवड्याकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. प्रोब अडकला की ‘कीड’ लिहायची का?

मौखिक_४४५:
नका लिहू. टोकदार प्रोब बरेचदा फटीच्या आकारानेच अडकतो. आणि जोर दिला तर आतून पोकळ झालेल्या, किडीच्या सुरुवातीच्या पांढऱ्या डागाचा वरचा शाबूत थर फुटतो. फ्लोराइड वार्निशच्या नुसत्या लेपावर थांबलं असतं, तिथे आपणच खळगा करून ठेवतो. ०.५ मिमी गोल टोकाचा सीपीआय प्रोब (हिरड्या तपासायचा) घ्या. प्लाक (दातावरचा चिकट थर) काढायला आणि आडवा फिरवून खरखर जाणवते का पाहायला, बस.

आधी ब्रश करवा. मग दात ओला असताना पाहा, नंतर कोरडा करून. रोगट इनॅमलच्या (दाताच्या वरच्या कडक कवचाच्या) छिद्रांत पाणी असलं की डाग लपतो, हवा शिरली की उठून दिसतो. म्हणून सुकवल्यावरच दिसणारा डाग उथळ, ओल्यातही दिसणारा जास्त खोल. दवाखान्यात यासाठी ५ सेकंद हवा मारतात. तुमच्याकडे गालाशी कापसाची गुंडाळी आणि दाबून हवा मारायचा रबरी फुगा. लाळ सुटली की सगळं पुन्हा सुकवायचं, हे कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

वऱ्हाडी_दाढ:
फ्लोराइडचे डाग दोन्ही बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखे येतात, आडव्या रेघांसारखे, आणि बहुधा चकाकतात. किडीचा डाग हिरडीच्या कडेला, प्लाक साचते तिथं, खडूसारखा, बिनचमकीचा. खर्ऱ्याचा डाग स्केलिंगनं (दात खरवडून साफ केल्यानं) निघून जाते, खाली पक्का दात लागते. फटीतली काळी रेघ कडक अन् चकचकीत असन तर ती थांबलेली कीड असू शकते. तिले लगेच ड्रिल लावाची काही गरज नाही, भाऊ. लक्ष राखडी सावलीवर ठेवा: वरचं इनॅमल शाबूत, पण खालून करडं दिसते, म्हणजे कीड डेंटीनपर्यंत (इनॅमलच्या आतल्या थरापर्यंत) गेली.

बाइटविंग:
दोन दाढांच्या मधलं मात्र डोळ्यांनी फारसं सापडत नाही. कडेच्या उंचवट्याखाली करडी सावली शोधा, फ्लॉस तुटतो का बघा. समोरच्या दातांना मागून लाइट मारला की कीड काळसर दिसते. खात्री बाइटविंगवरच (दाढांच्या मधली जागा दाखवणारा एक्स-रे), तीही मर्यादित: खनिज साधारण ३०-४० टक्के गेल्याशिवाय फिल्मवर उमटत नाही. ट्यूबचा आडवा कोन चुकला की दात एकमेकांवर चढतात आणि नेमकी हवी ती जागा झाकली जाते. कीड मोजणाऱ्या लेसर पेनवर भिस्त नको. डाग, टार्टर, राहिलेली पेस्ट, सगळ्यानेच आकडा चढतो.

कापूसपट्टा:
मग सावली दिसली, खळगा नाही, तर?

मौखिक_४४५:
दाताच्या क्रमांकापुढे ‘संशयित’ आणि बाइटविंगसाठी ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी; तिथे आरव्हीजी (दातांचा डिजिटल एक्स-रे) चालू आहे का, हे आधी फोन करून विचारा.