सूत्रांचा आणि काळांचा एकपानी तक्ता: मुलांच्या हाती आधी द्यावा की शेवटी?

काटकोन:
परीक्षा जवळ आली की एक कागद हमखास फिरू लागतो. एका बाजूला भूमितीची सगळी सूत्रं: परिमिती, क्षेत्रफळ, पृष्ठफळ, घनफळ. पाठीमागे इंग्रजीचे बारा काळ, प्रत्येकापुढे सहायक क्रियापद आणि क्रियापदाचं रूप. माझं म्हणणं असं की हा कागद शिकणं संपत आल्यावर हाती यावा. सुरुवातीलाच दिला तर दोन्ही विषयांचं एकाच जातीचं नुकसान होतं: मुलाला साचा येतो, पण कुठला साचा कुठे लावायचा ते येत नाही.

भूमिती बघा. समांतरभुज चौकोनाच्या बाजू ८ आणि ५ सेंमी, ८ सेंमीच्या पायावरची उंची ४ सेंमी. तक्ता पाठ असलेली कितीतरी मुलं ८ × ५ = ४० लिहून मोकळी होतात, कारण तिरपी बाजूच त्यांना उंची वाटते. ज्यानं असा कागदी चौकोन एकदा हातात घेऊन एका टोकाचा काटकोन त्रिकोण कापला आणि दुसऱ्या टोकाला जोडला, त्याच्यापुढे ८ बाय ४ चा आयत उभा राहतो. त्याला ३२ खेरीज दुसरं उत्तर सुचणार नाही. तोच चौकोन कर्णावर कापला की दोन एकरूप त्रिकोण, म्हणून त्रिकोणाला अर्धं. दोन सारखे समलंब चौकोन उलटसुलट जोडले की पुन्हा समांतरभुज चौकोन, त्याचा पाया म्हणजे दोन्ही समांतर बाजूंची बेरीज. तक्त्यातल्या तीन ओळी एका कात्रीत निघाल्या.

काळांचंही तेच. 'हॅव' किंवा 'हॅज' आणि क्रियापदाचं तिसरं रूप, हे मूल झोपेतही सांगतं. आणि तेच मूल 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' लिहितं. रूप अचूक आहे, वाक्य चूक आहे. 'काल' हा संपलेला वेळ आहे, तिथे साधा भूतकाळच लागतो. तक्त्यात ही गोष्ट कुठेही नसते, कारण तक्ता फक्त रूप सांगतो, निवड सांगत नाही.

शिकवणीवाली:
पूर्ण असहमत, आणि हे मी रोज मुलांसमोर उभी राहून म्हणतेय. मूल परीक्षेत बसल्यावर कात्री घेऊन बसत नाही. प्रश्न असतो वृत्तचितीचं, म्हणजे गोल डब्यासारख्या आकाराचं, एकूण पृष्ठफळ काढा, हाताशी वेळ तीन-चार मिनिटं. त्यात सूत्र आठवायला जेवढा वेळ जाईल तेवढा आकडेमोडीचा कमी होणार. डोक्यात एका वेळी फार गोष्टी मावत नाहीत. सूत्र तोंडपाठ असलं की ती जागा उदाहरण वाचायला मोकळी राहते. पाढे आपण याच कारणासाठी पाठ करतो ना?

दुसरं म्हणजे, 'आधी समज मग पाठांतर' हे ज्यांना समज लवकर येते त्यांच्यासाठी ठीक. जे मूल मागे पडलंय, ज्याला वर्गात काहीच लागत नाही असं वाटतं, त्याला चार सूत्रं पाठ करवून चार गणितं सुटली की पहिल्यांदा विश्वास येतो. समज त्या विश्वासाच्या मागून येते. मला हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

काटकोन:
पाठांतराला माझा विरोध नाहीच, क्रमाला आहे. वृत्तचितीचंच घ्या. डब्याभोवतीचं लेबल सोडवून सपाट केलं की आयत मिळतो: लांबी म्हणजे तळाचा परीघ, रुंदी म्हणजे उंची. वर आणि खाली एकेक वर्तुळ. हे एकदा पाहिलेलं मूल वक्रपृष्ठफळ आणि एकूण पृष्ठफळ यांत गोंधळत नाही. आणि प्रश्नात 'वरून उघडी टाकी' असं आलं तर एक वर्तुळ आपोआप गाळतं. तक्त्यात उघड्या टाकीची ओळ नसते.

रिकामी पाटी:
एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. वर्तुळाचा परीघ आणि क्षेत्रफळ यांची अदलाबदल ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ती तपासायला त्रिज्या २ कधीच देऊ नका. २ × पाय (π) × २ आणि पाय × २ × २, दोन्हींचं उत्तर ४ पाय! मूल चुकीचं सूत्र वापरून बरोबर आकडा आणतं आणि शिकवणाऱ्याला पत्ता लागत नाही. चौरसाची बाजू ४ घेतली तरी तेच, परिमिती १६, क्षेत्रफळही १६. उपाय साधा आहे: एककाकडे बघायची सवय. क्षेत्रफळात लांबी दोनदा गुणली गेलीच पाहिजे. वर्तुळाच्या ज्या सूत्रात त्रिज्या एकदाच येते ते क्षेत्रफळाचं असूच शकत नाही.

याच सवयीनं १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंमी हा घोटाळाही मिटतो. तो १०,००० आहे, आणि घनमीटर म्हणजे १०,००,००० घन सेंमी.

श्लोकप्रेमी:
आपल्याकडे गणित श्लोकांतच होतं. आर्यभटानं ४९९ मध्ये त्रिकोणाचं क्षेत्रफळ अर्ध्या ओळीत बांधलं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, वर्तुळाचं क्षेत्रफळ, गोलाचं पृष्ठफळ आणि गोलाचं घनफळ तिन्ही एकाच श्लोकात आहेत, आणि तिन्ही बिनचूक. पाठांतरातूनच ही परंपरा टिकली. मग आज पाठांतराची एवढी भीती कशाला?

काटकोन:
त्या श्लोकाबद्दल मलाही अतोनात आदर आहे, विशेषतः चेंडूभोवतीच्या जाळीचा त्यात जो दाखला आहे त्याबद्दल. चेंडूवरची जाळी म्हणजे पृष्ठफळ, याहून नेमकं कोण सांगणार? पण बघा, तिथेही सूत्रासोबत चित्र दिलंय.

आणि आर्यभटाचंच पुढचं सूत्र आठवा. त्रिकोणी तळाच्या सूचीचं, म्हणजे पिरॅमिडचं, घनफळ तळ गुणिले उंचीच्या निम्मं, असं त्यात आहे. खरं तर ते एक तृतीयांश असतं. श्लोक पाठ करणाऱ्यानं ते निम्मंच पुढे नेलं असतं. ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये तीननं भागायला सांगितलं, आणि भास्कराचार्यांकडेही एक तृतीयांशच आहे. नुसत्या घोकण्यातून ही दुरुस्ती झाली नसती.

शिकवणीवाली:
आता तुम्हीच सापडलात. एक तृतीयांश का, हे मुलाला समजावून दाखवा. शंकूत वाळू भरून त्याच त्रिज्येच्या आणि उंचीच्या वृत्तचितीत तीनदा ओतता येते, ठीक. पण ते 'दिसलं', 'कळलं' नव्हे. खरी सिद्धता मागाल तर अनंत पातळ चकत्यांची बेरीज येते, ती शाळेच्या पलीकडची. गोलाचं तर विचारूच नका. म्हणजे तुमच्याही पद्धतीत शेवटी मूल विश्वासच ठेवतं. मग ते सूत्र सरळ सांगून पाठ करवणं प्रामाणिक नाही का?

काटकोन:
मुद्दा चांगला आहे. तरी 'दिसणं' इतकं स्वस्त मानू नका. वाळूच्या त्याच प्रयोगात अर्धगोलही घ्या. त्रिज्या आणि उंची सारखी ठेवली तर शंकू, अर्धगोल आणि वृत्तचिती यांची घनफळं १ : २ : ३ अशी येतात. आर्किमिडीजला गोल आणि वृत्तचितीच्या या नात्याचा इतका अभिमान होता की आपल्या थडग्यावर त्याची आकृती कोरावी अशी त्याची इच्छा असल्याचं सांगतात. मुलाला हे तीन आकडे दाखवले की तीन सूत्रांऐवजी वृत्तचितीचं एकच लक्षात ठेवावं लागतं. सिद्धता पुढे कधीतरी येईल. तोवर ४/३ आणि १/३ मध्ये घोटाळा झाला तर तपासायचा रस्ता त्याच्यापाशी असेल.

भाषेचा विद्यार्थी:
मला दोघांशीही भांडायचंय. भूमितीचं सूत्र सिद्ध होतं. इंग्रजीचा काळ सिद्ध होत नाही, ती बोलणाऱ्यांची रूढी आहे. 'गो'चं 'वेंट' का, हे कात्रीनं कापून कुणी दाखवू शकणार नाही. अशी अनियमित क्रियापदं पाठच करावी लागतात. तेव्हा दोन्ही विषयांना एक नियम लावू नका.

आणि बारा काळांचा तक्ता स्वतःच अपुरा आहे. इंग्रजीत क्रियापदाचं रूप बदलून होणारे काळ दोनच, वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी 'विल' सारखं सहायक क्रियापद लागतं, आणि कित्येकदा तेही लागत नाही: 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो' हा रूपानं साधा वर्तमानकाळ, अर्थानं उद्या. राहिलेले खाने म्हणजे क्रिया चालू आहे की पुरी झाली, तिच्याकडे कसं बघायचं याचे प्रकार. तीन गुणिले चार असा चौकट आखलेला तक्ता बघून मुलाला वाटतं बारा वेगवेगळ्या वेळा आहेत.

मराठीभाषकाची खरी अडचण वेगळीच आहे. आपण म्हणतो, 'मी दहा वर्षं इथे राहतोय.' रूप चालू वर्तमानकाळाचं. मूल तेच उचलून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' लिहितं. इंग्रजीला इथे 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स' हवं: सुरुवात मागे, धागा आजपर्यंत, म्हणून 'हॅव बीन', आणि दहा वर्षं हा कालावधी आहे, म्हणून 'फॉर'. 'सिन्स'ला सुरुवातीचा बिंदू लागतो, साल किंवा वार. तक्ता कितीही पाठ केला तरी ही चूक जात नाही, कारण ती तक्त्यात नाही, मराठीत विचार करण्यात आहे.

काटकोन:
अनियमित क्रियापदं पाठ करावीत, निर्विवाद. पण तुम्ही शेवटी जे सांगितलंत ते माझंच म्हणणं झालं: सुरुवात कुठे, शेवट कुठे, बोलणारा कुठे उभा, ही रेघ आधी काढायची, रूप नंतर.

भाषेचा विद्यार्थी:
नाही, रेघेनंही सगळं भागत नाही. 'नो' (माहीत असणं), 'बिलीव्ह' ही क्रियापदं सहसा चालू काळात जात नाहीत, मालकीच्या अर्थाचं 'हॅव'ही नाही. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे कुठल्याही रेघेवर चुकीचं दिसणार नाही. त्याला भरपूर वाचन आणि कानावर पडणारी भाषा लागते. तक्ताही नाही, रेघही नाही.

नववीचा पालक:
सगळं वाचलं. माझ्या मुलीकडे परीक्षेला थोडे आठवडे उरलेत. तक्ता भिंतीवर लावलेला आहे. काढू का?

शिकवणीवाली:
काढू नका. तिला रोज कोऱ्या कागदावर तो न बघता लिहायला सांगा आणि मग ताडून बघू द्या. नुसतं वाचत बसण्यापेक्षा आठवून लिहिणं पक्कं बसतं.

काटकोन:
भिंतीवर राहू द्या, पण प्रश्न तक्त्याबाहेरचे विचारा. विशालकोन त्रिकोण काढून द्या आणि लहान बाजूवरची उंची दाखवायला सांगा. ती त्रिकोणाच्या बाहेर पडते हे तिला सापडलं तर सूत्र तिचं झालं.

भाषेचा विद्यार्थी:
आणि इंग्रजीसाठी दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा: 'व्हेन वी अराइव्ह्ड, द ट्रेन लेफ्ट' आणि 'व्हेन वी अराइव्ह्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट'. काळाचं नाव विचारू नका. एवढंच विचारा की फलाटावर पोचलो तेव्हा कुठल्या वाक्यात गाडी आधीच गेलेली होती. ते तिनं सांगितलं की मग हवं तर नाव विचारा.